केक-पाईसाठी गोड चेरी : कोणता वाण निवडावा?

मे महिन्यापासून जुलैपर्यंत काश्मीर खोरे आणि हिमाचल प्रदेशातील बागांमधून ताजी चेरी देशातील मोठ्या शहरांच्या बाजारपेठांत दाखल होते. हा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि एकेका वाणाचा बहर तर दोन-तीन आठवड्यांतच ओसरतो. सफरचंद शीतगृहात महिनोन्‌महिने टिकते. चेरीला ती सोय नाही. सामान्य तापमानात हे फळ काही दिवसांतच निस्तेज होते. त्यामुळे ताज्या विक्रीखेरीज बेकरी व मिठाई उद्योगाकडून मागणी आली, तर उत्पादकांना दुसरा आधार मिळू शकतो. मात्र त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. हातात घेऊन खाण्यास जी चेरी सर्वांत रुचकर लागते, तीच भट्टीतून निघालेल्या केकमध्ये किंवा पाईमध्ये उत्तम ठरेल असे नाही. उष्णतेच्या कसोटीला कोणते वाण उतरतात आणि कोणते नाही, याचा हा परिचय.

केकवरील लाल फळ चेरीच असते का?

आपल्याकडे अनेकांची चेरीशी पहिली ओळख होते ती केक, आइस्क्रीम किंवा पानावर ठेवलेल्या लालभडक, पाकात मुरलेल्या गोळीतून. भारतात या नावाने विकले जाणारे फळ पुष्कळदा चेरी नसून करवंद असते. कच्च्या करवंदांतील बिया काढून, ती खारवून, लाल खाद्यरंग देऊन साखरेच्या पाकात मुरविली जातात. कोकण व सह्याद्रीच्या रहिवाशांना डोंगरची काळी मैना म्हणून परिचित असलेले हेच ते फळ होय. करवंदाचा गर घट्ट असल्याने पाकात आणि भट्टीतही त्याचा आकार टिकतो. म्हणूनच बेकरी व्यवसायाने ते स्वीकारले.

परदेशातील डबाबंद ‘माराश्चिनो’ चेरीचाही इतिहास काहीसा असाच आहे. मूळ माराश्चिनो ही आजच्या क्रोएशियातील दाल्मेशिया किनाऱ्यावरील मारास्का नावाच्या आंबट चेरीपासून तयार होत असे. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात अर्नेस्ट विगंड या कृषी संशोधकाने 1920 च्या दशकात खारवण्याच्या द्रावणात कॅल्शियमचे क्षार वापरून चेरीचा गर घट्ट ठेवण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी रॉयल अ‍ॅन ऊर्फ नेपोलियन या फिकट रंगाच्या गोड वाणाचा वापर होऊ लागला. मूळ रंग फिकट असल्याने त्याला हवा तो रंग देता येतो, हे त्यामागील कारण.

या दोन्ही उदाहरणांतून एकच सूत्र हाती लागते. बेकरीला गोडव्याआधी घट्टपणा हवा असतो. साखर बाहेरून घालता येते; गराचा कणखरपणा मात्र बाहेरून आणणे सोपे नसते.

गोड आणि आंबट : दोन भिन्न प्रजाती

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गोड चेरी म्हणजे प्रुनस एव्हियम आणि आंबट चेरी म्हणजे प्रुनस सेरासस. युरोप व अमेरिकेतील अनेक प्रसिद्ध पाककृती आंबट चेरीवर आधारलेल्या आहेत. अमेरिकेतील चेरी पाईसाठी माँटमोरन्सी हा आंबट वाण वापरला जातो. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट केकमध्येही परंपरेने आंबट चेरी आणि चेरीपासून गाळलेले किर्श नावाचे मद्य यांचा उपयोग होतो. आंबट चेरीतील आम्लाचे प्रमाण गोड चेरीच्या साधारण दुप्पट असते. साखर, लोणी आणि मैदा यांच्या संगतीत हे आम्लच फळाची चव उठावदार ठेवते.

भारतात व्यापारी प्रमाणावर पिकते ती प्रामुख्याने गोड चेरी. परदेशी पाककृती जशीच्या तशी घेऊन त्यात गोड चेरी वापरली, तर पदार्थ मिट्ट गोड आणि चवीला सपक होतो. दोष फळाचा नसतो; पाककृती दुसऱ्या फळासाठी लिहिलेली असते. त्यामुळे गोड चेरी वापरताना दोन गोष्टी कराव्या लागतात. योग्य वाण निवडणे ही पहिली आणि साखर-आम्लाचा तोल नव्याने जमविणे ही दुसरी.

भट्टीत फळाचे काय होते?

चेरीमध्ये चार पंचमांशाहून अधिक पाणी असते. उष्णता लागताच पेशींच्या भिंती सैल होतात, त्यांना एकत्र सांधणारे पेक्टिन विरघळू लागते आणि रस बाहेर पडतो. मऊ गराच्या वाणात ही क्रिया लवकर घडते. परिणामी केकच्या तळाशी ओलसर थर साचतो, तर पाईचे खालचे कवच कच्चे राहते.

दुसरा बदल स्वादात होतो. चेरीचा ओळखीचा सुवास मुख्यत्वे बेन्झाल्डिहाइड या द्रव्यामुळे येतो. कडू बदामाच्या अर्कातील प्रमुख सुगंधी घटकही हाच आहे. चेरीच्या पदार्थात बदामाच्या अर्काचे दोन-तीन थेंब घालण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली. भट्टीत ताज्या फळाचा नाजूक सुवास काही अंशी उडून जातो आणि उरते ती प्रामुख्याने गोडी. जो वाण केवळ गोड आहे, ज्यात आम्ल व सुवास बेताचाच आहे, त्याची चव भाजल्यानंतर साखरेपेक्षा फारशी वेगळी राहत नाही.

तिसरा बदल रंगाचा. गडद चेरीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे असतो. आम्लाच्या सान्निध्यात हे द्रव्य लाल दिसते, तर क्षाराच्या सान्निध्यात निळसर-हिरवट. खाण्याचा सोडा अधिक झालेल्या केकमध्ये चेरीभोवती निळसर करडे वलय दिसते, त्याचे कारण हेच. फळ खराब असल्याचा तो पुरावा नव्हे. सोड्याबरोबर दही अथवा ताक वापरल्यास किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातल्यास हा दोष टळतो.

निवडीचे चार निकष

पहिला निकष घट्टपणा. गोड चेरीचे वाण फार पूर्वीपासून दोन गटांत विभागले जातात. फ्रेंच भाषेत घट्ट, करकरीत गराच्या वाणांना ‘बिगारो’ आणि मऊ, रसाळ गराच्या वाणांना ‘गीन्य’ म्हणतात. काश्मीरमधील अनेक जुन्या वाणांची शास्त्रीय नोंदीतील नावे याच दोन फ्रेंच शब्दांनी सुरू होतात. बेकरीसाठी निवड करताना पहिला गट जवळचा मानावा.

दुसरा निकष आम्ल. चेरी खाल्ल्यावर गोडीमागून किंचित आंबट चव जिभेवर रेंगाळत असेल, तर ते फळ भट्टीसाठी योग्य समजावे.

तिसरा निकष रंग. ज्यांची साल आणि गर दोन्ही गडद असतात, अशा वाणांचा रस केकमध्ये व पाईमध्ये सुंदर किरमिजी दिसतो. पिवळसर गराचे वाण भाजल्यावर तपकिरी पडतात.

चौथा निकष आकार व बी. मोठ्या फळात बियांच्या मानाने गर अधिक मिळतो आणि बी काढण्याचे श्रमही वाचतात. बी व देठ काढल्यानंतर एक किलो चेरीतून साधारणपणे 850 ते 900 ग्रॅम गर हाती येतो. मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्या बेकरीसाठी हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

काश्मीरचे वाण

काश्मिरी भाषेत चेरीला ‘गिलास’ म्हणतात. 2021 मध्ये केंद्र शासनाने दिलेल्या माहितीनुसार, देशातील व्यापारी वाणांच्या चेरीपैकी 95 टक्क्यांहून अधिक उत्पादन जम्मू-काश्मीरमध्ये होते. तेथे डबल, मखमली, मिश्री आणि इटली हे चार वाण प्रामुख्याने घेतले जातात. यांखेरीज हंगामाच्या प्रारंभी ‘अव्वल नंबर’ हा वाण बाजारात येतो.

अव्वल नंबरला पहिले फळ म्हणून भाव मिळतो. परंतु त्याचा गर मऊ आणि टिकाऊपणा कमी असतो. तो ताजाच खावा, किंवा शिजवून केकच्या दोन थरांमधील सारणासाठी वापरावा.

मखमली हे नावच त्या वाणाचा पोत सांगते. गडद रंग आणि रसाळ गर यांमुळे सॉस, जॅम आणि चीजकेकवरील आवरण यांसाठी हा वाण उपयुक्त आहे. अखंड फळ दिसावे अशी अपेक्षा असलेल्या पदार्थात मात्र तो निराशा करण्याचा संभव अधिक.

मिश्री हा खोऱ्यातील सर्वांत लोकप्रिय वाण. फळ गोड, गर घट्ट आणि वाहतुकीस तुलनेने सोसणारा. 2021 मध्ये मिश्री वाणाची पहिली व्यावसायिक खेप श्रीनगरहून दुबईला रवाना झाली. तत्पूर्वी त्याच वर्षी जून महिन्यात नमुन्यादाखल पाठविलेली खेप विमानाने मुंबईमार्गे गेली होती. केक आणि मफिनसाठी मिश्री चांगली, कारण तिचे तुकडे आकार टिकवून धरतात. मात्र गोडीच्या मानाने आंबटपणा बेताचा असल्याने तिला लिंबाच्या रसाची जोड द्यावी.

डबल हा घट्ट गराचा वाण आहे. जेथे फळाचे अस्तित्व घासागणिक जाणवायला हवे, अशा पाई आणि टार्टसाठी त्याचा प्रथम विचार करावा.

हिमाचल प्रदेश आणि परदेशी वाण

हिमाचल प्रदेशात शिमला, कुल्लू, मंडी, चंबा आणि किन्नौर या जिल्ह्यांच्या उंच भागांत चेरी पिकते. तेथे पाश्चात्त्य वाणांची लागवड अधिक आढळते. त्यांतील ब्लॅक टार्टेरियन आणि अर्ली रिव्हर्स हे मऊ, रसाळ गटातील. सारणासाठी चांगले, अखंड वापरासाठी नव्हेत. व्हॅन, लॅपिन्स आणि लॅम्बर्ट यांचा गर घट्ट व रंग गडद असतो. स्टेला हा वाण कॅनडातील समरलँड येथील संशोधन केंद्रातून आलेला असून स्वतःच्याच परागकणांनी फळणाऱ्या गोड चेरीच्या आद्य वाणांत त्याची गणना होते. त्याचे फळ गडद व गोड असते, मात्र घट्टपणात ते व्हॅनहून किंचित उणे भरते.

अमेरिकेत बेकरीसाठी गोड चेरी म्हटले की बिंग हे नाव प्रथम पुढे येते. ओरेगॉनमधील सेथ लुएलिंग यांच्या बागेत 1875 च्या सुमारास हा वाण तयार झाला आणि बागेतील चिनी मुकादम आ बिंग यांचे नाव त्यास देण्यात आले. मोठे फळ, महोगनीसारखा गडद रंग, घट्ट गर आणि गोडीबरोबर पुरेसे आम्ल हे चारही निकष बिंगमध्ये एकत्र आढळतात. म्हणूनच इतर गडद वाणांची तुलना आजही त्याच्याशी केली जाते.

याउलट रेनिअर या वाणाचे आहे. बिंग आणि व्हॅन यांच्या संकरातून वॉशिंग्टन राज्यातील प्रॉसर येथे 1952 मध्ये हॅरोल्ड फोगल यांनी तो विकसित केला. पिवळी साल, त्यावर लाली आणि अतिशय गोड गर यांमुळे त्याला बाजारात मोठी किंमत मिळते. परंतु आम्ल कमी आणि गर फिकट असल्याने भट्टीत त्याचे सौंदर्य आणि चव दोन्ही लोपतात. महाग चेरी विकत आणून ती केकमध्ये घालणे कसे अनाठायी ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. रेनिअर ताजीच खावी, किंवा तयार केकवर न भाजता सजावटीसाठी ठेवावी.

पदार्थानुसार निवड

पाई आणि टार्ट : घट्ट व गडद वाण घ्यावेत. डबल, व्हॅन, लॅपिन्स किंवा बिंग यांपैकी जो उपलब्ध असेल तो चालेल. बी काढलेल्या अर्धा किलो चेरीसाठी दोन ते तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि एका मध्यम लिंबाचा रस पुरतो. पाककृती आंबट चेरीची असेल, तर साखर एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी करावी. सारण आधी शिजवून घेणार असल्यास लिंबाचा रस आचेवरून उतरविल्यावर घालावा. आम्लात फार वेळ शिजल्यास कॉर्नफ्लोअरचा दाटपणा कमी होतो.

केक आणि मफिन : फळाचे दोन तुकडे करून रस निथळू द्यावा आणि मैद्यात हलके घोळवून मिश्रणात मिसळावेत. मिश्रण पातळ असेल तर कोणत्याही वाणाचे तुकडे तळाशी बसतात. दाट मिश्रणात मिश्रीसारखा घट्ट वाण उत्तम काम देतो. चॉकलेट केकमध्ये रंगाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे स्वादाला अग्रक्रम द्यावा.

ब्लॅक फॉरेस्ट केक : येथे चेरी थरांमध्ये जाते, म्हणून ती प्रथम तिच्याच रसात अल्पकाळ शिजवून, दाट करून घेतली जाते. गडद गोड चेरी वापरायची असल्यास साखर नाममात्र ठेवून लिंबाचा रस वाढवावा. पाकातील लाल करवंदांनी सजावट साधते, परंतु थरांमधील चेरीच्या रसाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

क्लाफुती : फ्रान्समधील लिमुझँ प्रांताचा हा पदार्थ. अंडी, दूध आणि मैद्याच्या पातळ मिश्रणात काळसर गोड चेरी घालून तो भाजला जातो. परंपरेनुसार चेरी बियांसह वापरली जाते. बी काढली नसल्याने रस आत राहतो आणि बियांतून बदामासारखा मंद सुवास उतरतो, असे तेथील लोक मानतात. असा पदार्थ वाढताना खाणाऱ्यांना बियांची पूर्वकल्पना अवश्य द्यावी आणि लहान मुलांना तो देऊ नये.

गातो बास्क : फ्रान्स व स्पेनच्या सीमेवरील बास्क प्रदेशातील या केकमध्ये काळ्या चेरीचा जॅम भरतात. मऊ वाणांना येथे योग्य स्थान मिळते. मखमली किंवा ब्लॅक टार्टेरियनसारखी फळे जॅमसाठी शिजवून त्यांचा असा उपयोग करता येईल.

बियांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगणे गरजेचे आहे. चेरीच्या बीच्या कठीण कवचाआडील मगजात अमिग्डालिन हे द्रव्य असते. मगज चावल्यास वा वाटल्यास त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होते. त्यामुळे बी फोडून किंवा दळून पदार्थात कधीही घालू नये. चुकून एखादी अखंड बी गिळली गेल्यास सहसा धोका नसतो.

खरेदी आणि साठवण

आंबा किंवा केळे तोडणीनंतर पिकते. चेरी पिकत नाही. झाडावर असताना जेवढी गोडी उतरली, तेवढीच अखेरपर्यंत राहते. म्हणून फिकट, कच्ची फळे घेऊन ती घरी पिकतील अशी अपेक्षा ठेवू नये. देठ हिरवा व ताठ असणे हे ताजेपणाचे लक्षण आहे. साल चमकदार असावी आणि बोटांनी हलके दाबल्यास गर दबता कामा नये. बाजारात वाणाचे नाव सांगितले गेले नाही, तरी हाताला लागणारा घट्टपणा, कापल्यावर दिसणारा गराचा रंग आणि जिभेला जाणवणारा आंबटपणा या तीन खुणांवरून निर्णय घेता येतो.

चेरी न धुता, देठासह शीतकपाटात ठेवावी आणि वापरण्यापूर्वीच धुवावी. वर्षभर वापरायची असल्यास बी काढून, ताटात एकेरी थर पसरून गोठवावी व नंतर पिशवीत भरावी. उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात ती अनेक महिने चांगली राहते. गोठविल्याने पेशी फुटत असल्याने वितळताना रस सुटतो. येथेही घट्ट वाण सरस ठरतात. केकच्या मिश्रणात अशी चेरी न वितळविताच घालावी.

उत्पादकांच्या दृष्टीने

तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, तर चेरीच्या साली तडकतात. तडकलेले फळ चवीला बिघडलेले नसते, पण पेटीत भरून दूरच्या बाजारात पाठविता येत नाही. त्याचा भाव कोसळतो. बुरशी लागण्याआधी, म्हणजे तोडणीच्या दिवशीच अशी फळे निवडून बी काढून गोठविली किंवा शिजविली, तर बेकरीच्या सारणासाठी ती वापरता येतात. त्यासाठी बागांच्या जवळच बी काढण्याची यंत्रे व गोठवण्याची सोय असणे अगत्याचे आहे.

वाहतुकीचा वेळ हा दुसरा प्रश्न. जून 2025 मध्ये कटरा येथून मुंबईतील वांद्रे टर्मिनसपर्यंत रेल्वेच्या पार्सल डब्यातून चेरी पाठविण्यात आली. असे मार्ग नियमित झाले, तर मुंबई-पुण्यातील बेकरी व्यावसायिकांना ताजे फळ अधिक खात्रीने मिळू शकेल.

नवीन लागवड करणाऱ्यांसाठी वाणाची निवड हा दीर्घ पल्ल्याचा निर्णय असतो. कलम लावल्यापासून भरघोस फळ मिळेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि बहुतेक गोड वाणांना परागीकरणासाठी शेजारी दुसऱ्या अनुकूल वाणाचे झाड लागते. ताज्या बाजारासाठी लवकर येणारा वाण आणि प्रक्रियेसाठी घट्ट, गडद वाण अशी जोड बागेत ठेवल्यास, परागीकरण जुळत असेल तर, जोखीम विभागली जाते.

ग्राहकांच्या दृष्टीनेही या माहितीचे मोल कमी नाही. महागामोलाचे फळ भट्टीत घालण्यापूर्वी त्याचा एक तुकडा चाखून पाहावा. गर दाताखाली करकरला, कापल्यावर आतून गडद दिसला आणि गोडीमागे किंचित आंबट झाक जाणवली, तर ती चेरी केकसाठी घ्यावी. तसे नसेल तर ती ताजीच खावी. त्यातच तिचे सार्थक आहे.